शाळेचा संप आणि पंपवाले

वेल्समधल्या आमच्या क्वमहेलीच्या पोरांनी शाळेत संप केला, त्याचं मूळ चॅपलच्या बंद पडलेल्या बॉयलरमध्ये आहे. बॉयलर चालू असता तर मुलांच्या गाण्याची तालीम चॅपलच्या तळघरात झाली असती आणि एम्लिन प्रॉसरचं भाषण ज्यांच्यासाठी होतं त्यांनीच ऐकलं असतं. ते म्हणजे दिवसपाळी करून, अंघोळ करून, पोटभर जेवून डुलक्या काढायला आलेले आम्ही खाणकामगार.

दर गुरुवारी संध्याकाळी खाणकामगारांच्या इन्स्टिट्यूटच्या वरच्या खोलीत मार्क्सचा वर्ग भरायचा. शिकवायला पेनरी मास्तर कार्डिफहून बसने येत. त्या आठवड्यात त्यांचा घसा बसला, म्हणून एम्लिन उभा राहिला. एम्लिन खाणीतल्या युनियनचा अध्यक्ष. दोन्ही अंगठे वेस्टकोटच्या खिशात अडकवले की त्याला बोलताना थांबवणं कठीण. विषय होता, भांडवलशाहीत शाळेचं काम काय. मागच्या बाकांवर गारठलेली गायक पोरं बसली होती, कारण त्यांच्या गाण्याच्या बाई पियानोची किल्ली शोधायला गेल्या होत्या.

"शाळेतला पहिला धडा कोणता?" एम्लिन म्हणाला. "अक्षरं? नाही. घंटा. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. लघवीला जायचं तर हात वर करायचा. चौदाव्या वर्षी घंटेच्या जागी खाणीचा भोंगा येतो. पोराला वाटतं, आता काहीतरी नवीन सुरू झालं. नवीन काही नाही. आवाज तेवढा वाढलाय."

आम्ही जागे झालो. पेनरी मास्तरांकडून असं कधी ऐकायला मिळत नसे.

"आणि ही स्कॉलरशिप. ती एक शिडी आहे. मालक वरून सोडतो. आपल्यातला एखादा हुशार वर ओढून घेतो, त्याला पांढरी कॉलर घालतो आणि आपल्याच डोक्यावर आणून बसवतो. खाली राहिलेल्यांना वाटतं, आपण मठ्ठ म्हणून खाली. शाळेचा माल हाच. चार साहेब आणि चारशे जण, ज्यांना आपण मठ्ठ आहोत हे पटलेलं आहे."

मागून एक हात वर आला. हात इव्हर बीननचा होता. वय बारा.

"अध्यक्ष महाराज, मग शाळेत कुणी संप का करत नाही?"

सगळे हसले. एम्लिन रंगात आला होता. तो म्हणाला, "उत्तम प्रश्न. संघटना नाही म्हणून."

इव्हरने मान डोलावली आणि हात खाली घेतला.

एम्लिनबद्दलची एक गोष्ट वर्गात कुणाला ठाऊक नव्हती. रोज संध्याकाळी तो पुढच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायचा आणि आपल्या नेस्टाकडून अपूर्णांकांची गणितं करून घ्यायचा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या शाळेची स्कॉलरशिप अकराव्या वर्षी, एकदाच. मिळाली तर पुढे शिकायचं. नाही मिळाली तर मुलगा खाणीत आणि मुलगी लंडनला, कुणाच्यातरी घरी मोलकरीण. एम्लिनची बायको काइनवेन चौदाव्या वर्षी अशीच गेली होती. तिथली बाई तिला मेरी म्हणायची, कारण आधीच्या मोलकरणीचं नाव मेरी होतं आणि बाईंना नवीन नाव पाठ करण्याचा कंटाळा होता. नेस्टा मेरी होणार नाही, हे काइनवेनने ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. परीक्षा बुधवारी होती.

सोमवारी सुटायची घंटा झाल्यावर हेडमास्तर हॅवर्ड यांनी वरच्या वर्गाला थांबवून शाळेतल्या सगळ्या दौती धुवायला लावल्या. त्यात आक्षेपार्ह काही आहे असं त्यांना वाटलं नाही. दरवर्षी निरीक्षक यायच्या आधी दौती धुतल्या जात. पण यंदाची पोरं गुरुवारचं भाषण ऐकलेली होती. घंटेनंतरचं काम, तेही बिनमजुरीचं.

त्याच संध्याकाळी बीननांच्या कबुतरखान्यात सभा भरली. सभा म्हणजे नियमाने भरलेली सभा. ही पोरं बापाच्या खांद्यावर बसून युनियनच्या सभांना गेलेली. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, दोन उपसूचना आल्या, एक फेटाळली गेली. इव्हर अध्यक्ष झाला. अक्षर चांगलं म्हणून नेस्टा प्रॉसर बिनविरोध चिटणीस झाली. मागण्या अशा: घंटेनंतर काम नाही, छडी बंद, आणि घंटा वाजवणारा निवडून दिलेला असावा.

मंगळवारी सकाळी शाळेच्या फाटकासमोर पोरांची ओळ उभी राहिली.

इथे आमच्या गावाची गोची झाली. क्वमहेलीत संपाची ओळ कुणी ओलांडत नाही. ओळ मोठ्यांचीच हवी असं कुठे म्हटलेलं नाही, कारण तसा प्रश्न कधी आलाच नव्हता. पहिला आला शाळेचा शिपाई मोझेस, हातात शेगडीच्या कोळशाची बादली घेऊन.

"काय चाललंय?"

"संप," इव्हर म्हणाला.

"अधिकृत?"

"ठराव झालाय. अनुमोदनासकट."

मोझेसने बादली खाली ठेवली, टोपी सरळ केली आणि तो घरी गेला. दूधवाल्याने कॅन रस्त्यावरच उतरवले. दोन्ही शिक्षिका आपापल्या युनियनच्या सभासद. त्या समोरच्या भिंतीवर बसल्या आणि विणायला लागल्या. पोलीस हवालदार ओळ मोडायला आला, तर ओळीत त्याचीच मुलगी, तोंडात त्याचीच शिट्टी. त्याने शिट्टी तेवढी परत मागितली. मुलगी म्हणाली, समितीला विचारावं लागेल.

हॅवर्ड मास्तर तेवढे ओळ लागायच्या आधीच आत पोचले होते. नऊ वाजता त्यांनी रिकाम्या शाळेत घंटा वाजवली. बाहेर टाळ्या पडल्या.

दुपारपर्यंत गावाला रंग चढला. मालकांनी खाण बंद ठेवली त्या मोठ्या टाळेबंदीनंतर इतकी मजा गावाने बघितली नव्हती, आणि तेव्हा तर पोटात अन्न नव्हतं. म्हाताऱ्यांनी सवयीने इन्स्टिट्यूटच्या मागे सूपची पातेली चढवली. पोरं घरी जाऊन जेवून आली आणि सूपही प्यायली. कुणीतरी तव्यावरचे गोड वेल्शकेक टोपलीभर आणून दिले. कागद लावलेल्या फण्या आणि पत्र्याच्या पिपाण्या घेऊन बँड तयार झाला. त्यात एक जण आईचा झगा घालून नाचत होता आणि तो कोण ते दिवे लागेपर्यंत कळलं नाही, कारण त्याने तोंडाला काजळी फासली होती.

दिवसपाळी सुटली आणि एम्लिन काळ्या तोंडाने वर आला. लिफ्टच्या तोंडाशीच त्याला बातमी कळली. तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. "आमच्या वर्गाची पोरं," तो प्रत्येकाला सांगत सुटला. "एका भाषणात." तो तसाच शाळेकडे आला आणि त्याने ओळ पाहिली. मधोमध नेस्टा उभी होती. हातात पाटी, पाटीवर सुंदर अक्षरात लिहिलेलं: बिनमजुरी काम बंद.

"नेस्टा, उद्या बुधवार आहे."

"माहितेय, डॅड."

"उद्या सकाळी तुला आत जायचंय."

"ओळ ओलांडून?"

एम्लिनने तोंड उघडलं. आजूबाजूला अर्धं गाव उभं होतं. ज्या माणसाने टाळेबंदीत कामावर गेलेल्या सख्ख्या मेव्हण्याला अजून नमस्कार केला नव्हता, त्याने तोंड पुन्हा मिटलं.

"घरी चल, चहा पिऊ," तो म्हणाला.

"पहारा बदलला की येते."

घरी काइनवेनने शेगडीसमोर टबात पाणी ओतून ठेवलं होतं. ती त्याच्या पाठीवर ब्रश चालवत होती, आणि ब्रश नेहमीपेक्षा जोरात चालत होता.

"छान बोललास म्हणे गुरुवारी."

"मला काय ठाऊक, पोरं मागे बसलीत ते."

"मी एक विचारते. तू तिला सांगणार आहेस का, आत जा म्हणून?"

"कसं सांगू? बाप युनियनचा अध्यक्ष आणि पोर संपफोडी?"

"मग लंडनला मेरीची जागा रिकामी आहे का, ते पत्र टाकून विचारते."

एम्लिनने डोकं पाण्यात बुडवलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. वर आला तेव्हा तो म्हणाला, "माझी कॉलर काढून दे. रविवारची."

कबुतरखान्याच्या वाटेत शाळेच्या मागच्या भिंतीवरून हॅवर्ड मास्तरांनी त्याला हाक मारली. मास्तरांचा बापही खाणीतलाच. शिडीने वर गेलेले ते एक.

"प्रॉसर, उद्या दहाला काउंटीचे निरीक्षक येतायत. तिघांचे पेपर आहेत. एक तुमच्या मुलीचा. आवरा त्यांना."

"मी कोण आवरणार? रीतसर निवडलेली समिती आहे."

"तुमच्या भाषणात माझंही नाव होतं म्हणे."

"नाव नव्हतं. वर्णन होतं."

"दौती नळाखाली धरायला सांगितल्या हो मी. अख्खा वर्ग पाणी उडवत खिदळत होता. मला वाटलं, मजा चाललीय."

कबुतरखान्याच्या दाराशी एम्लिनला थांबवलं गेलं. आतलं कामकाज संपायचं होतं. तो रविवारच्या कॉलरमध्ये, टोपी हातात धरून कोबीच्या वाफ्यात उभा राहिला. शेवटी आत घेतलं, तेव्हा छपरामुळे त्याला वाकूनच उभं राहावं लागलं. इव्हर उलट्या बादलीवर बसला होता, अंगठे बिनखिशाच्या स्वेटरमध्ये खुपसून.

"आपण सभासद आहात का?"

"नाही, अध्यक्ष महाराज."

"मग बोलायला सभेची परवानगी लागेल. मतं घेतो."

परवानगी मिळाली. विरोधात एक हात होता. तो नेस्टाचा.

एम्लिनने घसा खाकरला. "अध्यक्ष महाराज, कॉम्रेड्स. खाणीत संप असतो तेव्हा खाली पंप कोण चालवतं?"

"पंपवाले," कुणीतरी म्हणालं.

"ते संपफोडे आहेत का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोपऱ्यातून एक बारका आवाज आला. "नाही. पंप बंद पडला तर खाणीत पाणी भरतं."

"भरू दे की. खाण मालकाची आहे."

"पण मग परत कामावर कुठे जाणार? माझे डॅड म्हणतात, खाण बुडाली तर मालक दुसरी घेतो, आपल्याला दुसरी नसते."

"बरोबर बोललास. म्हणून युनियन पंपवाल्यांना मुभा देते. माझं म्हणणं, उद्याची परीक्षा म्हणजे पंप आहे. ती वर्षातून एकदा येते. तेवढ्यापुरती मुभा द्या. बाकीचा संप चालू ठेवा, मी स्वतः सूप वाटतो."

इव्हर पुढे झुकला. "गुरुवारी तुम्ही म्हणालात, स्कॉलरशिप ही शिडी आहे."

"म्हणालो."

"मग शिडी आहे का पंप आहे?"

कबुतरं घुमत होती. आम्ही दोघे-तिघे बाहेर फटीतून बघत होतो. खाणमालकांच्या वकिलांसमोर एम्लिनला घाम आलेला आम्ही कधी पाहिला नव्हता, तो आत्ता पाहिला.

"इव्हर, मला सांगता येत नाही," तो म्हणाला. "गुरुवारी शिडी दिसत होती. माझं पोर फाटकाबाहेर उभं राहिल्यावर पंप दिसायला लागला."

"हरकतीचा मुद्दा," नेस्टा उठली. "वक्त्यांनी आत्ता सांगितलं की त्यांची मुलगी परीक्षेला आहे. घरी काय चालतं तेही सभेला सांगावं."

एम्लिनने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"रोज संध्याकाळी," एम्लिन म्हणाला, "पडदा ओढून मी तिच्याकडून अपूर्णांक करून घेतो."

आत एकदम कुजबुज उठली, कबुतरंसुद्धा फडफडली. इव्हरने बादलीवर बुटाने ठोकलं. "शांतता. चिटणिसांना काही सूचना मांडायचीय?"

"हो. पंपवाले मालक ठरवत नाही, युनियन ठरवते. हेडमास्तरांनी तिघांचीच नावं दिलीयत. बाकीच्यांना विचारलंच नाही, ते मठ्ठ आहेत असं आधीच धरलं. माझी उपसूचना अशी, की मुभा द्यायची तर अकरा वर्षांच्या सगळ्यांना. सगळे आत जातील, नाहीतर कुणीच नाही. मीपण नाही."

"नेस्टा, अगं," एम्लिन म्हणाला.

"वक्त्यांचा वेळ संपलाय," इव्हर म्हणाला.

उपसूचना एकमताने मंजूर झाली. एम्लिन घरी आला तेव्हा काइनवेन दारातच होती.

"जमलं?"

"जमलं. आणि बिघडलंही." त्याने सांगितलं ते ऐकून काइनवेन पायरीवर बसली. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. शेजारीण पाणी घेऊन आली, तर तिलाही सांगावं लागलं, आणि ती पण हसायला लागली.

"तुझीच पोर आहे ती," काइनवेन डोळे पुसत म्हणाली. "देवा. निरीक्षक ऐकायचा नाही."

बुधवारी सकाळी रात्रपाळी आणि दुपारपाळी, दोन्ही रस्त्यावर होत्या. एम्लिनने आणि आम्ही काही जणांनी दिवसपाळी बदलून घेतली होती. फाटकावर एक फळी ठोकली होती. आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला जॅमच्या डब्याचं झाकण कापून केलेला बिल्ला मिळत होता, खाणीत दिवा घेताना मिळतो तसा. आत जाताना दुसरा तसाच बिल्ला फळीवर टांगायचा, म्हणजे किती जण आत आहेत ते कळतं आणि बाहेर कोण आलं नाही तेही कळतं. मोझेसला समितीने पंपवाल्यांचा प्रमुख नेमलं होतं. तो पहाटेच शेगडी पेटवून आला होता आणि आपला बिल्ला सगळ्यांना दाखवत होता.

निरीक्षक मोटारीतून उतरले. त्यांच्यासमोर सात वर्षांची एक मुलगी हात आडवा करून उभी राहिली.

"बिल्ला?"

"मी काउंटीचा निरीक्षक आहे."

"बिल्ला नाही," मुलीने मागे वळून जाहीर केलं.

इव्हरने त्यांना पाहुण्यांचा बिल्ला दिला. निरीक्षकांनी तो कोटाला लावला, पण पुढे त्यांना बिल्ले घातलेल्या पोरांची अख्खी रांग दिसली.

"ही कोण? माझ्याकडे तिघांची नावं आहेत."

हॅवर्ड मास्तर फाटकाच्या आतल्या बाजूला उभे होते. एम्लिन बाहेरच्या. मधे पोरं. काइनवेनने एम्लिनची बाही घट्ट धरली होती. बँडसुद्धा थांबला.

"परीक्षेला योग्य कोण, हे हेडमास्तरांनी ठरवायचं, असा नियम आहे ना?" मास्तरांनी विचारलं.

"आहे."

"मग मी ठरवलं. हे सगळे."

"कधी?"

"आत्ता."

"मास्तर, छापील पेपर तीनच आहेत."

"फळा मोठा आहे," हॅवर्ड म्हणाले. "खडू मी धरतो."

निरीक्षकांनी रांगेकडे पाहिलं, दोन पाळ्यांच्या माणसांकडे पाहिलं, कोटावरच्या जॅमच्या झाकणाकडे पाहिलं. "लवकर करा," ते म्हणाले. "माझी दुपारी दुसरी शाळा आहे."

बँडने इतका जोर केला की आत बसलेल्यांना दार लावून घ्यावं लागलं. पंपवाले एकेक करून आत गेले. नेस्टा सगळ्यात शेवटी गेली, आधी सगळ्यांचे बिल्ले फळीवर लागलेत ना हे बघून. एम्लिन फाटकाला हात लावून उभा राहिला, तर सात वर्षांची ती मुलगी म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, ओळीच्या मागे." तो ओळीच्या मागे गेला.

जेवायच्या वेळेला पोरं बाहेर आली. इव्हरची बहीण डिलिस, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे आणि जिचं नाव देण्याचा विचार कुणाच्याही मनात आला नसता, ती सगळ्यात जास्त बोलत होती. नेस्टाने बिल्ला काढला, फळीवरचा दुसरा काढला, आणि मग ती बापाजवळ आली.

"गणितं कशी होती?"

"एक वाईट होतं. कंत्राटदार भिंत बांधतो, इतकी माणसं इतके दिवस, मग जास्त माणसं किती दिवस. त्यात पावसाचे दिवस धरलेलेच नाहीत. आणि माणसं युनियनची आहेत का नाहीत, काही सांगितलेलं नाही."

एम्लिनचा चेहरा उतरला. "मग तू काय लिहिलंस?"

"हरकत लिहिली."

"नुसती हरकत?"

"आधी उत्तर, डॅड. मग हरकत."

एम्लिन रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याने टोपी तोंडावर ओढून घेतली. टोपीखाली तो हसत होता का काय, ते आम्हाला दिसलं नाही. त्याचे खांदे मात्र हलत होते.

संप त्याच दिवशी मिटला. दौती शाळेच्या वेळात धुवायच्या ठरल्या. घंटा पोरांनी पाळीपाळीने वाजवायची ठरली, आणि पहिल्याच आठवड्यात ती इतक्या वेळा वाजली की मास्तरांनी पुन्हा वाटाघाटी मागितल्या. छडीचा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला.

निकाल उन्हाळ्यात लागला. क्वमहेलीच्या दोघी पास झाल्या, डिलिस बीनन आणि तिच्या खालोखाल नेस्टा प्रॉसर. खालोखाल आल्याचा नेस्टाला राग आला होता आणि तो ती लपवत नव्हती.

काउंटी शाळेला गणवेश लागतो. काइनवेनने माळ्यावरची पेटी उघडली आणि लंडनहून आणलेला मोलकरणीचा काळा झगा बाहेर काढला. कापड अजून भक्कम होतं. तिने नेस्टाला टेबलावर उभं केलं, बाह्या कापून टाकल्या आणि तोंडात टाचण्या धरून ती टेबलाभोवती फिरायला लागली. एम्लिन दुसऱ्या बाजूने, काही काम नसताना, तोंडाने पिपाणीचा बँड वाजवत फिरत होता.

"हलू नकोस," काइनवेन म्हणाली.

"मी कुठे हलतेय? डॅड टेबल हलवतोय."

"एम्लिन, खाली बस."

एम्लिन बसला. पाय मात्र ठेका धरत राहिला, त्यामुळे टेबल हलत राहिलं, आणि शिवण थोडी वाकडी आली.